मिटलेल्या तोंडाची साक्ष

जनावरांस वाचा नाहीं, हें त्यांचें दुर्दैव, असें आपण नेहमीं म्हणतों. परंतु थोडा विचार केला असतां दिसून येईल कीं, वाचा नसली तरी भाषा त्यांना आहे. कान, डोळे, नाकपुड्या, शेपूट आणि तोंड हीं त्या भाषेचीं अक्षरें होत. तीं वाचावयास न शिकणें हा आपला आळस झाला. पण त्यांतलें एखादें अक्षर गैरसोयीचें वाटतें म्हणून तें पुसूनच टाकणें, याला आळसाहून निराळें नांव द्यावें लागेल. या महिन्यांत आम्ही वाचकांचें लक्ष ज्या वस्तूकडे वेधूं इच्छितों, ती असेंच एक अक्षर पुसण्याच्या कामीं येते. घोड्याच्या नाकावरून व जबड्याखालून जाणारा आणि बकलानें आवळतां येणारा चामड्याचा एक पट्टा, एवढीच ती वस्तु. आम्ही तिला येथें नाकपट्टा म्हणूं.

घोड्याशीं आमचा संबंध काय, अशी शंका कांहीं वाचकांस येईल. वरातीचा घोडा आणि माथेरानचें तट्टू यांपलीकडे आपल्या पांढरपेशा घरांत घोड्याचा प्रवेश फारसा उरलेला नाहीं, हें खरें. परंतु २६ सप्टेंबर २०२३ रोजीं चीनमधील हांगझोऊ येथील आशियाई क्रीडास्पर्धांत सुदीप्ति हाजेला, दिव्यकृति सिंह, हृदय छेडा व अनुष अगरवाला या चौघां तरुणांनीं ‘ड्रेसाज’ या प्रकाराचें सांघिक सुवर्णपदक मिळविलें. घोडेस्वारींत भारताला सुवर्णपदक मिळालें तें १९८२ च्या दिल्लीच्या स्पर्धांनंतर, म्हणजे ४१ वर्षांनीं. पुढच्याच वर्षीं पॅरिसच्या ऑलिंपिकमध्यें अनुष अगरवाला याच प्रकारांत उतरला. ज्यांच्या घरांत कोणीं कधीं रिकिबींत पाय घातला नाहीं अशीं मुलेंहि आतां हा खेळ पडद्यावर पाहतात, आणि क्वचित् शिकण्याचा हट्टहि धरतात. ज्या खेळाला आपण टाळ्या वाजवितों, त्यांत घोड्याच्या वांट्याला काय येतें हें आपण समजून घ्यावयास नको काय?

ड्रेसाज म्हणजे घोड्याच्या शिक्षणाची परीक्षा. साठ मीटर लांब व वीस मीटर रुंद अशा आंखलेल्या अंगणांत स्वार घोड्याकडून ठरलेल्या चाली, वळणें व थांबे करवून घेतो आणि परीक्षक प्रत्येक हालचालीस ० पासून १० पर्यंत गुण देतात. १९१२ च्या स्टॉकहोम येथील ऑलिंपिकपासून हा प्रकार त्या स्पर्धांत आहे. कल्पना आपल्याला अगदींच परकी नाहीं. आस्कंदित, धौरितक, रेचित, वल्गित आणि प्लुत अशा घोड्याच्या पांच गति अमरकोशांत सांगितल्या असून त्यांस ‘धारा’ अशी संज्ञा आहे. अर्थात् घोड्याची चाल ही निरखण्याची व नांव देण्याची वस्तु आहे, हें आपले पूर्वजहि जाणत होते. उत्तम ड्रेसाजची कसोटी अशी कीं, स्वारानें आज्ञा केव्हां दिली हें प्रेक्षकास कळूं नये. घोडा आपण होऊनच डौलानें चालतो आहे असें वाटावें. प्रश्न एवढाच कीं, हा डौल मनापासून आलेला आहे कीं आवळून आणलेला आहे, हें ओळखावें कसें?

यासाठीं प्रथम घोड्याच्या तोंडांत डोकावलें पाहिजे. स्वाराची आज्ञा घोड्याला पोंचते ती बैठकीनें, पायांनीं आणि लगामानें. लगामाची जी लोखंडी दांडी तोंडांत असते तिला अमरकोशांत ‘कविका’ आणि ‘खलीन’ अशीं नांवें आहेत. यांपैकीं खलीन हा शब्द ग्रीकांच्या ‘खालिनोस्’ या शब्दावरून आला असावा, असें भाषाशास्त्रज्ञ मानतात. घोड्याचे पुढचे दांत आणि मागच्या दाढा यांच्यामध्यें हिरडीची एक दंतहीन जागा असते. दांडी बसते ती तेथें, जिभेवर आणि हिरडीवर. त्या ठिकाणीं मांस असें जवळजवळ नाहींच. पातळ त्वचेखालीं लगेच जबड्याच्या हाडाची धार लागते. वरच्या दर्जाच्या ड्रेसाजमध्यें पुष्कळदां दुहेरी लगाम वापरतात. त्यांत तोंडांत दोन दांड्या असतात. त्यांपैकीं एक तरफेप्रमाणें काम करते आणि तिची सांखळी हनुवटीखालीं दाबली जाते. हात हलका असेल तर या साधनानें अत्यंत सूक्ष्म सूचना देतां येते. हात जड असेल तर तेंच साधन यातनेचें होतें.

आतां दाब असह्य झाला म्हणजे घोडा काय करतो? तो तोंड उघडतो, जीभ मागें ओढतो किंवा दांडीवरून काढून घेतो. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. कुत्र्याप्रमाणें घोड्याला तोंडानें श्वास घेतां येत नाहीं. त्याचा सारा श्वासोच्छ्वास नाकानेंच चालतो. तेव्हां ‘दमला म्हणून तोंड उघडलें’ हें स्पष्टीकरण त्याला लागू पडत नाहीं. स्वार पाठीवर असतां घोड्याचें तोंड वारंवार उघडूं लागलें तर त्याचा अर्थ बहुधा एकच, कीं तोंडांत कांहीं तरी खुपतें आहे. इंग्लंडमधील पशुवैद्य स्यू डायसन यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं स्वारीच्या वेळीं दिसणाऱ्या २४ लक्षणांची एक यादी २०१८ सालीं प्रसिद्ध केली. त्यांपैकीं आठ किंवा अधिक लक्षणें एकाच घोड्यांत दिसलीं तर त्याच्या अंगांत कोठें तरी वेदना असण्याचा संभव मोठा, असें त्यांचें प्रतिपादन आहे. आणि दांत विलग होतील असें तोंड कांहीं वेळ उघडें राहणें, हें त्या चोवीसांपैकीं एक लक्षण आहे.

परंतु ड्रेसाजच्या अंगणांत हेंच लक्षण गुण घालविणारें ठरतें. जीभ बाहेर काढणें, ती दांडीच्या वर घेणें, दांत खाणें, शेपूट झटकणें हीं ताणाचीं व विरोधाचीं चिन्हें मानून परीक्षकांनीं गुण देतांना विचारांत घ्यावीं असा नियम आहे. नियम करणारांचा हेतु स्तुत्यच होता. विरोधाचें चिन्ह दिसलें कीं गुण कमी होतील, म्हणजे स्वार घोड्याला विरोध करण्याचें कारणच ठेवणार नाहीं, असा त्यांचा तर्क. व्यवहारांत मात्र दोन वाटा निघाल्या. कारण नाहींसें करणें ही वर्षानुवर्षांच्या अभ्यासाची वाट. आणि चिन्ह नाहींसें करणें ही बकलाच्या दोन भोंकांची वाट. कांहीं नाकपट्टे तर असे असतात कीं, चामडें एका कडींतून ओवून उलट फिरवितात. त्यामुळें कप्पीचा गुण येऊन थोड्या जोरानें पट्टा फार घट्ट होतो. घोड्याचा वरचा जबडा खालच्याहून रुंद असल्यानें वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडा धारदार राहतात. घट्ट पट्ट्यानें गाल त्याच कडांवर दाबले जातात. बाहेरून मात्र तोंड कसें शांत, मिटलेलें! तापाचा आंकडा नको म्हणून थर्मामीटरच फोडून टाकावा, त्यांतला हा प्रकार होय.

जुन्या अश्वशिक्षकांना हा धोका ठाऊक होता. नाकपट्ट्याखालीं दोन बोटें शिरलीं पाहिजेत, असा दंडक त्यांनीं घालून ठेवला आणि तो पुस्तकांतून पिढ्यान् पिढ्या उतरत आला. पण दंडक पुस्तकांत असणें निराळें व पागेंत असणें निराळें. आयर्लंड, इंग्लंड व बेल्जियम येथील स्पर्धांत ७५० घोड्यांचे नाकपट्टे मोजून त्याचा वृत्तांत २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत शेंकडा ४४ घोड्यांच्या पट्ट्याखालीं एकहि बोट जाण्यास जागा नव्हती. दोन बोटांचा दंडक पाळलेले घोडे शेंकडा ७ च्या आसपास भरले. हे घोडे कोणा अडाणी गाडीवानाच्या हातचे नव्हते. ते पदकांसाठीं झगडणारे, उत्तम खाणारे व उत्तम निगा असलेले घोडे होते, हें वाचकांनीं लक्षांत घ्यावें.

दोन बोटें हें माप तरी कोणाचें? बारा वर्षांच्या मुलीचीं दोन बोटें आणि पैलवान मोतद्दाराचीं दोन बोटें एक नव्हेत. शिवाय तीं घालावयाचीं कोठें? गालाच्या बाजूला मऊ भाग असतो. तेथें बोटें सहज शिरतात आणि पट्टा सैल भासतो. नाकाच्या हाडावर मात्र दबण्यासारखें कांहींच नसल्यामुळें तेथें पट्ट्याचा खरा ताण कळतो. माप घेण्याची जागा बदलली कीं निकाल बदलतो. म्हणून अश्वशिक्षणाच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय मंडळानें निमुळत्या आकाराचें एक मापक तयार करवून, तें नाकाच्या हाडावरच घालून पाहावें असें सुचविलें.

घट्ट पट्ट्यानें घोड्याला खरोखर कांहीं होतें काय, याचीहि परीक्षा झालेली आहे. ऑस्ट्रेलियांतील सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०१६ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, दुहेरी लगाम पूर्वीं कधींहि न घातलेले १२ घोडे घेतले. पट्टा मोकळा, दोन बोटें सैल, एक बोट सैल आणि मुळींच जागा न ठेवतां घट्ट, अशा चार अवस्थांत त्यांनीं घोड्यांचें निरीक्षण केलें. पट्टा सर्वांत घट्ट असतां हृदयाचे ठोके वाढले, डोळ्याच्या पृष्ठभागाची उष्णता वाढली, आणि चघळण्याची सहज क्रिया मंदावली. याहून बोलकी गोष्ट पुढेंच आहे. पट्टा काढल्यावर घोडे पूर्वींपेक्षां अधिक जांभया देऊं लागले, अधिक गिळूं लागले, ओठ चाटूं लागले. जें इतका वेळ करावयाचें होतें व करतां आलें नव्हतें, त्याची जणूं भरपाई चालली होती.

हें वाचतांना आम्हांस शाळेची आठवण झाल्यावांचून राहिली नाहीं. ज्यांनीं उभी हयात वर्गांत काढली त्यांना एक गोष्ट पक्की कळलेली असते. शांतता दोन प्रकारची. एक, पाठांत मन रमल्याची. दुसरी, छडी टेबलावर असल्याची. दाराबाहेरून जाणाऱ्या तपासनिसाला दोन्ही सारख्याच ऐकूं येतात. पण मधल्या सुटीची घंटा होतांच फरक उघड होतो. पहिल्या वर्गांतलीं मुलें प्रश्न विचारीत मागें रेंगाळतात. दुसऱ्या वर्गांतलीं बांध फुटल्याप्रमाणें बाहेर पडतात. सिडनीच्या घोड्यांच्या त्या जांभया म्हणजे ही मधल्या सुटीची घंटाच होय. जुलमाखालीं जें केलें जातें त्यांत समज नसते व म्हणून सौंदर्यहि नसतें, हा विचार ग्रीक ग्रंथकार झेनोफन यानें अश्वारोहणावरील आपल्या ग्रंथांत, सुमारें तेवीसशें वर्षांपूर्वींच मांडून ठेवलेला आहे. आणि त्यासाठीं त्यानें चाबकाच्या भयानें नाचविलेल्या नर्तकाचा दृष्टांत दिला आहे.

यावर अनुभवी स्वार जो आक्षेप घेतात तो ऐकून घेतला पाहिजे. ते म्हणतात, “पांचशें किलो वजनाचें जनावर बिथरलें तर जीव जातो, लगामाचा अंमल हवाच. बेताचा नाकपट्टा दांडीला तोंडांत स्थिर ठेवतो. मुळींच पट्टा नसला तर दांडी हलूनहि तोंडाला इजा होऊं शकते.” यांत तथ्य आहे. शिवाय दांडीवांचून, केवळ नाकावर दाब देऊन चालणारे लगामहि मिळतात, आणि ते जड हातीं गेले तर नाकाच्या नाजूक हाडावर तितकेच क्रूर ठरतात. म्हणून अमुक साधन साधु आणि अमुक साधन दुष्ट, अशी वांटणी करून भागणार नाहीं. परंतु या आक्षेपानें समर्थन होतें तें बेताच्या पट्ट्याचें. एकहि बोट न शिरणाऱ्या पट्ट्याचें समर्थन त्यानें होत नाहीं. अंमल राखण्यासाठीं ज्याला घोड्याचें तोंड बांधून टाकावें लागतें, त्याचा अंमल कच्चाच म्हटला पाहिजे.

मग एवढा अभ्यास करणारे, घोड्यावर जीव टाकणारे लोक पट्टा आवळतात तरी कां? आमच्या मतें त्याचें उत्तर स्वाराच्या हातांत जेवढें आहे, त्याहून अधिक पाहणाराच्या डोळ्यांत आहे. एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांतील धनिकांच्या गाडीच्या घोड्यांना एक जादा लगाम लावीत. तो तोंडापासून निघून पाठीवरच्या साजाच्या आंकड्याला अडकविलेला असे, आणि त्यायोगें घोड्याची मान सदैव उंच ताठ राही. चढावर ओझें ओढतांना घोड्याला मान खालीं घालावी लागते. ती सोयच या लगामानें काढून घेतली. गाडीवानाला त्यापासून कसलाहि लाभ नव्हता. लाभ होता तो आंत बसलेल्या मालकिणीच्या डौलाला. एडवर्ड फोर्डहॅम फ्लॉवर या गृहस्थानें १८७५ सालीं या लगामाविरुद्ध एक पुस्तिका लिहिली. आणि १८७७ सालीं ॲना स्यूएल या बाईंनीं ‘ब्लॅक ब्यूटी’ ही कादंबरी घोड्याच्याच तोंडून वदवून ती व्यथा घरोघरीं पोंचविली. मान ताठ दिसणें म्हणजे ऐट, ही समजूत जसजशी ढिली झाली, तसतसा तो लगामहि ढिला झाला.

आजहि वारा त्याच दिशेनें वाहूं लागला आहे. २०२१ सालीं टोकियो येथील ऑलिंपिकच्या आधुनिक पंचखेळ स्पर्धेंत, स्वाराला चिठ्ठीनें मिळालेला सेंट बॉय नांवाचा घोडा मैदानांतच बिथरला. त्याच्यावर पडणारे चाबकाचे व टांचेचे प्रहार साऱ्या जगानें पाहिले. त्याचा परिणाम असा झाला कीं, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकनंतर त्या खेळांतून घोडेस्वारीच काढून टाकण्यांत आली. लोकांचा विश्वास उडाला तर आपल्या खेळावरहि हीच पाळी येईल, हें १९२१ सालीं स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघानें ओळखलें. त्यानें २०२२ सालीं घोड्यांच्या हिताचा विचार करण्यासाठीं एक समिति नेमली, आणि २०२५ पासून आपल्या स्पर्धांत नाकपट्टा मोजण्याचें एकच ठरीव मापक लागू केलें. त्याची जाडी सुमारें दीड सेंटिमीटर. माप नाकाच्या हाडावरच घ्यावयाचें. कोणाचीं बोटें व कोठें, हे दोन्ही वाद त्यामुळें मिटले.

हें मोठेंच पाऊल होय. तथापि मापक पट्टा मोजतें. हात मोजीत नाहीं. पट्टा दोन बोटें सैल ठेवूनहि लगाम निर्दयपणें ओढतां येईल. पण तेव्हां निदान घोड्याला तोंड उघडतां येईल, आणि तें उघडें तोंड परीक्षकांना व आपणां सर्वांना दिसेल. सैल पट्ट्याचा खरा उपयोग आमच्या मतें हा आहे. त्यानें वेदना थांबेल असें नाहीं. पण साक्षीदाराचें तोंड मोकळें राहील. आणि त्या उघड्या तोंडाचे गुण कापतांना तो दोष घोड्याच्या नांवें न मांडतां स्वाराच्या शिक्षणाच्या नांवें मांडावा, हें परीक्षकांनींहि शिकलें पाहिजे.

कठोपनिषदांतील रथाचें रूपक आमच्या वाचकांस परिचित आहे. इंद्रियें हे घोडे, मन हा लगाम आणि बुद्धि हा सारथि. रथ भलतीकडे गेला तर त्या रूपकांत बोल सारथ्याला लागतो. घोड्यांचीं तोंडें बांधा असें तेथें कोणीं सांगितलेलें नाहीं. दृष्टांत म्हणून जें आपण मुलांना शिकवितों, तें प्रत्यक्ष घोड्याच्या बाबतींतहि खरें मानावयास हरकत नसावी.

ज्यांचीं मुलें घोडेस्वारी शिकूं इच्छितात त्यांनीं शिकविणाराला दोन प्रश्न अवश्य विचारावे. नाकपट्टा किती सैल ठेवतां, व तो कोठें तपासतां, हा पहिला. घोडा तोंड उघडूं लागला तर काय करतां, हा दुसरा. ‘पट्टा एक भोंक आवळतों’ असें उत्तर आलें तर मुलाला घरीं आणावें. ‘दांत पशुवैद्याकडून तपासून घेतों, दांडीचें माप पाहतों आणि स्वाराचा हात सुधारतों’ असें उत्तर आलें तर तेथें मूल घोडेस्वारीबरोबर आणखीहि कांहीं शिकेल. माथेरानला किंवा महाबळेश्वरला तट्टू भाड्यानें घेतांनाहि पाठीवर बसण्यापूर्वीं घटकाभर त्याच्या तोंडासमोर उभें राहावें. ओठांच्या कोपऱ्यांत जखम आहे काय, पट्टा रुतला आहे काय, हें मुलांना दाखवावें, आणि तसें असेल तर दुसरें तट्टू निवडून मालकाला कारण स्पष्ट सांगावें. पडद्यावर ड्रेसाज पाहतांनाहि, पाय किती उंच उचलले याबरोबर तोंडाकडे एकदां नजर टाकावी. गिऱ्हाइकाला व प्रेक्षकाला काय आवडतें, हें पाहूनच बकलाचें भोंक ठरतें.